पाचव्या कळशीची बखर

॥ श्री बापदेव प्रसन्न ॥

सौभाग्यवती वज्रचुडेमंडित दिपालीबाईसाहेब, मुक्काम उलवे, मजला सातवा, जेथे नळास चोवीस तास पाणी येते ऐसा मुलूख, यांचे सेवेशी मौजे कोपरखार येथील झेरॉक्स-दप्तराचे मालक कमलेश यांचे विज्ञापन ऐसे जे : बाईसाहेबीं फोनावर पुसिले की, हळदीचे दिवशी आमचे डोळ्यांवर हळद थापिली होती आणि कानी डीजेचा तोफखाना लागला होता, सबब आम्हांस दिसले काही नाही, परंतु चार कळश्या ओतोन पाचवी डोईवर आली ते समयी तोफखाना एकाएकी थांबला आणि मांडव चिडीचूप जाहला, तो काय कारणे? बाबांस पुसावे तो विषय बदलतात आणि आईस पुसावे तो हसत सुटते. त्यास, मजकूर नाजूक, दोन घरच्या इभ्रतीचा, आणि त्यातील एक घर आमचे दुकानास लागोन आहे. तथापि आज्ञा शिरसावंद्य मानोन, जे डोळां पाहिले, जे कानी आले, आणि जे कोणी पाहिले नाही परंतु गावात सर्वांस ठाऊक आहे, ते अवघे एकत्र करोन ही बखर सिद्ध केली. कमीजास्त जाहले असल्यास उन्हाचा दोष मानावा.

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर. नावाखेरीज शोभा म्हणोन काही नव्हती. चैत्रात ऊन चढले ते वैशाख सरला तरी उतरेना, आणि ज्येष्ठ लागला तरी आभाळात रुमालाएवढा ढग दिसेना. कोपरखार गाव रेवदंड्याचे खाडीकाठी. समुद्र दारात आणि घसा कोरडा. मीठ मागावे तितके मिळेल, पाणी मागू नये. गावचा नळ तीन वर्षे चौकात खडा पहारा देत होता, परंतु त्याचे मुखातून हवेखेरीज काही बाहेर पडले नव्हते. विहिरीने चैत्र अखेर तळ दाखविला, आणि तळाशी दोन बेडूक होते तेही वैशाखात मुलूख सोडोन परागंदा जाहले. सरकारी टँकर तिसरे दिवशी येई, म्हणोन आदले दिवसापासोन हंडे, कळश्या, रंगाचे डबे आणि एक फुटका कुकर ऐसे रस्त्यावर रांगेने मुक्काम करीत, आणि त्यांचे धनी घरी पंख्याखाली पडोन वीज येण्याची वाट पाहत.

ते दिवसांत घरोघर दंडक ऐसा की, अंघोळ एका तांब्यात आटपावी, ते पाणी परातीत धरावे, त्यात भांडी विसळावी, मग ते म्हशीस दाखवावे, आणि म्हशीने तोंड फिरविले म्हणजे झाडास घालावे. झाडे तरी किती राहिली होती! अळू गेले, कर्दळ गेली, जास्वंदीची काठी जाहली. अवघे गावात एकच जिन्नस हिरवागार होता, तो म्हणजे रंगूबाईंचे कुंपणावरून आपले बाबा बाळारामजी यांचे कौलांवर चढलेला तोंडलीचा वेल. तो कोणाचे पाण्यावर जगतो हे कोणास उमगेना. त्याच वेलापायी दोन्ही घरांत अकरा वर्षे अबोला होता.

त्याची हकीकत ऐसी. रंगूबाई ह्या शेजारीण. त्यांचे यजमान मोरूशेट दिघीचे फेरीबोटीवर चाकरीस, महिन्यास दोनदा घरी, त्यातही निजलेले. रंगूबाईंनी कुंपणाशी वेल लाविला आणि वेलाने हद्द ओळखिली नाही. मग एके दिवशी आपले कौलावरची तोंडली बाळारामजींनी तोडिली आणि भाजी केली, आणि वास कुंपणापार गेला. मूळ आमचे, असे रंगूबाई म्हणाल्या. कौल आमचे, असे बाळारामजी म्हणाले. आणि दोघांही शपथ वाहिली की आता आधी जो बोलेल तो हरला. मग अकरा वर्षे दोघांसही काही सांगणे पडले तर मध्ये चंद्री म्हैस उभी होती, तिला सांगत. चंद्री जातीची शांत, दोहींकडचे ऐकोन घेई आणि रवंथ करी. ऐसी वकिली गावात दुसऱ्या कोणास जमली नाही.

आता बाईसाहेबांचे तीर्थरूप राजश्री बाळारामजी यांची अवस्था लिहितो. मिठागर बंद पडिल्यापासोन ते परेशशेटचे टँकरावर सारथी होते. रोज पहाटे तीन कोसांवरील बोअरवर टँकर भरावा आणि बंगलेवाल्यांचे पोहण्याचे हौद भरावे, हे काम. एका हौदात तर मालकही उतरत नसे, मालकाचा कुत्रा उतरे. टँकरास जीपीएस नामे हेर बसविला होता, तो टँकर वाट सोडोन हातभर वळला तरी शेटकडे चुगली करी, म्हणोन बाळारामजी दहा हजार लिटर गोड पाणी घेऊन आपले तहानलेले गावावरून दिवसातून दोनदा जात आणि खिडकीची काच वर करोन घेत. काच उन्हाची वर करतो, ऐसे ते म्हणत. आम्ही समजोन होतो.

ऐशात बाईसाहेबांचे लग्न ठरले आणि हळद ज्येष्ठ शुद्ध दशमीस धरिली. नाव गंगादशहऱ्याचे आणि विहिरीत खडखडाट! या घरची रीत ऐसी की, हळद उतरविण्याचे पाणी गावचे विहिरीचेच पाहिजे, पाच सवाष्णींनी वाजतगाजत जाऊन पाच कळश्या आणाव्या आणि दारच्या अंगणात पोरीचे डोईवर ओताव्या. बाळारामजींच्या आत्या ऐशाच न्हाल्या, बहिणी ऐशाच न्हाल्या, आणि विहीर तर त्यांचे आजोबांनीच खणिली होती. इतुक्यात उलव्याहून व्याह्यांचा खलिता व्हॉट्सअ‍ॅपवर आला की, इकडे हॉल घेतला आहे, एसी आहे, शॉवर आहे, हळदही इकडेच उरकू, आपणांस तोशीस नको. खलित्याखाली हसरे तोंड काढिले होते. बाईसाहेबांच्या मातोश्री सोनूबाईसाहेबीं तो वाचिला आणि हळद कांडावयास बसल्या, आणि मुसळ ऐसे आदळू लागल्या की आमचे झेरॉक्सचे यंत्र हादरले.

बाळारामजींस ते रात्रभर लागोन राहिले. पोर लहान होती तेव्हा ते पहाटे निघत, ती निजलेली. रात्री येत, ती निजलेली. जन्मभर परक्यांचे हौद भरिले आणि पोटच्या पोरीच्या पाच कळश्या भरवत नाहीत, तर मग बाप कशाचा, हे त्यांचे मनात रुतले. सकाळी ते उठोन थेट सखूबयकडे गेले.

सखूबय म्हणजे हळदीचे धवले, म्हणजे लग्नगाणी, गाणारी धवलारीण, वय ऐंशी, दात दोन, आणि रीतीभातींचे खात्यात तिचे वर अपील नाही. बाळारामजींनी मसलत मांडिली की, विहिरीत टँकर रिकामा करावा आणि तेच पाणी पोहऱ्याने वर काढावे, तर रीत मोडते की राहते? सखूबयने तंबाखू मळिली, गालात धरिली, आणि निवाडा दिला तो अक्षरशः लिहितो : "पानी कुठशी आला त्या मना नको सांगू. इहिरीतनं निंगाला म्हंजे इहिरीचा. पाऊस तरी काय इहिरीन जल्मतो?"

हा निवाडा घेऊन बाळारामजी परेशशेटकडे रुजू जाहले. शेट हिशेबाला चोख, परंतु पोरीचे हळदीचे नाव ऐकोन विरघळले, आणि एक टँकर पाणी आहेर म्हणोन दिले, आणि हेरास एक दिवसाची रजा दिली. अट एकच, की सायंकाळी कुत्र्याचा हौद भरला पाहिजे.

मग दशमीचे दिवशी दुपारी बारा वाजता, बाळारामजी खासा टँकरावर आरूढ होऊन, कर्णा वाजवीत गावात दाखल जाहले. पोरे मागे धावली, म्हातारे उठोन बसले, आणि फौज चौकापर्यंत सुरळीत आली. चौकात येऊन पाहातात तो, अरे हर हर! मांडव! आपलाच मांडव, आपणच आदले दिवशी आपले हस्ते रीतीप्रमाणे रस्त्यावर आडवा घातलेला, बांबूंचा पक्का, वर कापड, मध्ये डीजेचे खोके भिंतीगत रचलेले, आणि विहीर मांडवाचे पलीकडे दोनशे पावलांवर. बाजूने वाट नाही. बाळारामजी टँकरातून उतरले आणि आपले किल्ल्याचे आपणच बुजविलेले दरवाजाकडे पाहात उभे राहिले.

तेथे मसलत भरली. कोणी म्हणे मांडव सोडा. त्यास सोनूबाईसाहेबीं नजरेनेच उत्तर दिले. कोणी म्हणे पाइप आणा. तो गावात पाइपाचे सात तुकडे निघाले, सातांची तोंडे सात मापांची. तेव्हा मिठागरातले जुने सरदार हिराजी आजा, वय चौऱ्यांशी, पुढे आले. त्यांणी पाइपास लाथ मारिली. "पायपान पानी गुदमरतं. आमच्या बापानी अख्खी खाडी चर मारून मिठागरान फिरवली. तुमचा टँकर कोन लागून गेला? फावरी काढा."

मिठागरवाल्यांचे रक्तच ऐसे, की पाणी दिसले म्हणजे चर मारावा. हुकूम होताच फावडी निघाली, आणि वीस वर्षे टेम्पो, डंपर चालविणारे गडी उन्हात चर मारू लागले, आणि घटकाभरात मांडवाखालून विहिरीपर्यंत ऐसा सरळ चर उतरला की हिराजी आजांचे डोळे भरोन आले. मग आजांनी हात वर केला आणि बाळारामजींनी व्हॉल्व उघडिला. पाणी दहा पावले गेले आणि जमिनीने गिळिले. समुद्राचे भरतीस हिशेब नसतो, टँकरास असतो, ही गोष्ट चौऱ्यांशी वर्षांत आजांवर कधी गुदरली नव्हती. जमीन तीन महिन्यांची तहानलेली. तिणे टँकराचा चौथा हिस्सा पिऊन वर तोंडही पुसले नाही. बाळारामजींनी धावोन व्हॉल्व आवळिला, आणि फौजेत हाहाकार जाहला.

ते प्रसंगी अक्कल सुचली ती सोनूबाईसाहेबांस. त्यांणी गावातील फ्लेक्स उतरविण्याचा हुकूम दिला. कोपरखारात माणशी एक फ्लेक्स आहे, हे बाईसाहेब जाणतातच. वाढदिवसाचे, निवडीचे, बारावी पास जाहल्याचे, दहीहंडीचे, ऐसे एकोणीस फ्लेक्स उतरवोन चरात एकापुढे एक अंथरिले, आणि पाणी सोडिले. मग ते पाणी भावी सरपंचांचे मिशांवरून, युवानेत्यांचे चष्म्यांवरून, आणि कोणा शुभेच्छुकांचे जोडलेल्या हातांवरून खळाळत गेले आणि विहिरीत धबाधबा पडिले. पुढाऱ्यांचे हातोन गावास पाणी मिळाले ते हेच पहिल्याने, ऐसे हिराजी आजा म्हणाले. विहिरीत पुरुषभर पाणी जाहले. बाळारामजींनी आत वाकोन पाहिले, आपले तोंड पाण्यात दिसले, आणि ते बराच वेळ वाकोनच राहिले.

आता पुढील अनर्थ लिहितो.

चार वाजता पाच सवाष्णी, डोईवर कळश्या, पुढे सखूबय, मागे ढकलगाडीवर तोफखान्याचे दोन खोके, ऐशी स्वारी पाण्यास निघाली. अंतर दोनशे पावले. परंतु आपले लोकांस वाजले म्हणजे पाय पुढे टाकवत नाही, जागीच पडतो. शंभर पावलांस एक तास लागला. मुंबईहून आलेले मामा दोनदा रस्त्यात आडवे निजोन नाचले. इकडे विहिरीस पाणी आले ही खबर घरोघर गेली, आणि गाव हंडे घेऊन, दोर घेऊन, लोटला.

बाळारामजी विहिरीवर उभे होते. अडवावे, तर आजोबांनी विहीर बांधिली ते दिवशी शब्द दिला होता की या विहिरीवर पहारा बसणार नाही, मागेल त्यास पाणी. तो कट्ट्यावर सिमेंटात कोरिला आहे, आणि बाळारामजी त्यावरच पाय देऊन उभे होते. त्यांणी पाय बाजूस घेतला. मग एक म्हातारी आली, लहान कळशी घेऊन, म्हणाली, "बाला, दोन दीस चहा न्हाय रं." नाही कसे म्हणावे? मग दुसरी आली, मग तान्हे कडेवर घेतलेली आली, मग गाव आले. ते मनाशी म्हणत होते की, पाच कळश्या तर लागतात, तेवढे उरेल.

इतुक्यात रंगूबाई आल्या, नवा दोर घेऊन. त्यांणी एक हंडा नेला. मग दुसरा. मग तिसरा. बाळारामजींचा जीव वरखाली होऊ लागला. सहावा हंडा, सातवा हंडा! बोलावे तर अकरा वर्षांची शपथ मोडे आणि पराभव पदरी येई, आणि चंद्री म्हैस तिकडे कुंपणापाशी बांधलेली. ते खाकरले. रंगूबाईंनी आठवा नेला. ते फिरोन मोठ्याने खाकरले. रंगूबाईंनी त्यांचेकडे पाहिले, काही बोलतील म्हणोन क्षणभर थांबल्याही, आणि काही बोलेनात हे पाहोन नववा नेला. ऐसे बारा हंडे जाहले. एक शब्द बोलावयाचा, तो बोलवला नाही. मानी माणसे मरतील परंतु वाकणार नाहीत, ऐशी आपली जात.

सहा वाजता स्वारी विहिरीवर पोहोंचली. सखूबयने धवला म्हटला, पहिल्या सवाष्णीने पोहरा सोडिला, आणि पोहऱ्यात चिखल आला आणि त्यात एक बाटलीचे झाकण. तोफखान्यावर नाच चालूच होता. सोनूबाईसाहेबीं चिखलाकडे पाहिले, मग यजमानांकडे पाहिले, आणि कळशी कट्ट्यावर पालथी ठेविली. बाळारामजींस त्या पालथ्या कळशीपुढे उभे राहवेना.

तेव्हा ती चहावाली म्हातारी पुढे आली आणि तिणे आपले लहान कळशीतील अर्धे पाणी सवाष्णीचे कळशीत ओतिले. "इहिरीतलाच हाय," इतुकेच म्हणाली. मग गाव शरमले. मग जो तो घराकडे धावला, आणि कोणी तांब्या, कोणी बाटली, कोणी बाळाचा डबा, ऐसे आणोन ओतू लागला. परंतु पाणी घरी येऊन दोन तास जाहले होते. कोणी भात चढविला होता, कोणी गुरांस दाखविले होते, मामा तर न्हाऊन आले होते. दर घरचा निचरा होऊन चार कळश्या काठोकाठ जाहल्या. पाचवी कोरडी राहिली. मग सर्वांचे डोळे एकाच घराकडे वळले, ज्याचे दार लावलेले होते आणि ज्यात बारा हंडे होते.

चार कळश्या घेऊन स्वारी अंगणात परतली आणि सखूबयने पोरीस पाटावर बसवोन एक एक कळशी ओतविण्यास प्रारंभ केला, आणि धवले लांबवू लागली, जे कडवे एकदा म्हणावयाचे ते चारदा म्हणू लागली. बाळारामजी पाचवी कळशी उचलोन कुंपणाकडे चालले. तेथे चंद्री उभी होती. त्यांणी तिचे शिंगावर हात ठेविला.

"चंद्रे, तुझ्या शेजारनीला सांग, पोरीची पाचवी कलशी रिकामी हाय."

बंद दारामागोन आवाज आला, "चंद्रे, त्या मानसाला बोल, मना कान हायेत. म्हशीला कशाला शिनवतंस?"

बाळारामजींचे पाठीमागे तिसरी कळशी ओतल्याचा आवाज जाहला. मग त्यांणी म्हशीचे शिंगावरील हात काढिला, चप्पल काढिली, वेलाखालून वाकोन कुंपणापार पाऊल टाकिले, आणि अकरा वर्षांनी म्हणाले, "रंगूवैनी, पानी दे. दिपूसाठी."

दार उघडले. आत ओटीवर बारा हंडे ओळीने मांडलेले, ओल्या फडक्यांनी झाकलेले, दर हंड्यास हळदीकुंकवाची पाच बोटे, आणि गळ्यात आंब्याचे डहाळे. रंगूबाई नवे लुगडे नेसोन उंबऱ्यात बसल्या होत्या. बारावा हंडा ठेविल्यापासोन बसल्या होत्या.

"ती वरात सांजचे आधी पोचनार न्हाय, आनि गाव पानी ठेवनार न्हाय, ह्या कोनला समजत नव्हता? म्हून भरून ठेवला. तू मागशील त्याचीच वाट बघत व्हते." मग त्यांणी पदर डोळ्यांस लाविला. "ती पोर तुझ्या एकट्याची हाय काय रे?"

बाळारामजींनी मान हलविली, आणि ती हलविता हलविता ते रडले. आपण पुसाल की पुरुष माणूस ऐसा का रडला, तर दुष्काळात डोळ्यांस पाणी आले हाच मोठा नफा समजावा.

मग रंगूबाईंनी पाचवी कळशी आपले हाताने भरिली, डोईवर घेतली, आणि कुंपण ओलांडोन अंगणात आल्या. डीजेवाला परगावचा, त्यास तोंडलीचे वेलाचे वा अबोल्याचे काही ठाऊक नव्हते, परंतु त्याणे मांडवातील तोंडे पाहिली आणि आपणहोन तोफखाना बंद केला. दिपालीबाईसाहेब, आपण पुसिली ती शांतता हीच. त्या शांततेत आपले डोईवर पाणी पडिले, आणि कोणी खरखरीत हाताने आपला गाल पुसोन विचारिले की, "पानी गार हाय काय गं, बाय?" आणि आपण हळदीखालोन "व्हय" म्हणालात. तो हात रंगूबाईंचा.

उरलेल्या अकरा हंड्यांत पाहुण्यांचा चहा जाहला, भात जाहला, आणि शेवटला हंडा सोनूबाईसाहेबीं यजमानांचे डोईवर रिता केला, कारण त्यांस सबंध अंघोळ होऊन अठरा दिवस लोटले होते. अंगणातील हळदीचे पाणी वाया जाऊ नये म्हणोन दोन्ही घरच्यांनी तपेली लावोन धरिले आणि एकाच वेळी तोंडलीचे मुळाशी नेले, आणि तेथे समोरासमोर येऊन दोघांस उमगले की आजवर हा वेल दोन्हींकडले खरकट्या पाण्यावर, एकमेकांपासोन चोरोन, जगविला होता. चंद्रीनेही त्यात तोंड घातले, सबब ती आठ दिवस पिवळी होती. कुत्र्याचा हौद ते दिवशी कोरडा राहिला, आणि परेशशेटनी त्याबद्दल काही विचारिले नाही.

येणेप्रमाणे कोपरखारची मोहीम फत्ते जाहली आणि पाच कळश्या विहिरीच्याच पाण्याने रुजू जाहल्या. चंद्री वकिलीतून मोकळी जाहली. आता दोन्ही घरी बोलणे इतके चालते की दुपारी आम्हांस डोळा लागत नाही. बखरीसोबत तोंडल्यांची पिशवी रवाना केली आहे. निम्मी कौलावरची, निम्मी कुंपणावरची, परंतु पिशवी दोघांनी मिळोन बांधिली आणि आत सरमिसळ जाहली, आता कोणाची कोणती ते निवडोन सांगता येत नाही. पावती फोनावर द्यावी, तीही दोन्ही घरी.